आपले पान आणि शेजारची पाने : संविधानाच्या चित्रांतून मुलांना इतिहास

सव्वीस जानेवारीची सकाळ बहुतेक घरांत सारखीच असते. मुले स्वच्छ गणवेश घालून, खिशाला कागदी तिरंगा लावून शाळेत जातात, झेंडावंदन करतात, पाहुण्यांचे भाषण ऐकतात आणि खाऊचा पुडा घेऊन घरी परततात. आजोबा कौतुकाने विचारतात, "आज कसला दिवस रे?" नातू पाठ केलेले सांगतो, "प्रजासत्ताक दिन. आज संविधान लागू झाले." "संविधान म्हणजे काय?" "कायद्याचे पुस्तक." एवढ्यावर संवाद संपतो. आजोबा पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात आणि नातू मोबाईलकडे वळतो.

हाच संवाद थोडा पुढे नेता येतो. "त्या पुस्तकात चित्रे आहेत, हे तुला ठाऊक आहे का?" एवढे विचारले, तरी मुलाची मान वर होते. कायद्याच्या पुस्तकात चित्रे कशाला? आणि कोणाची? "बैलाचे आहे, शिवाजी महाराजांचे आहे, झाशीच्या राणीचे आहे, आणि आपल्या महावीरस्वामींचेही आहे," असे उत्तर मिळाले की मूल चित्रे पाहण्याचा हट्ट धरते. ज्या इतिहासाचे पुस्तक उघडण्यासाठी एरवी आईला दहा वेळा सांगावे लागते, तो इतिहास मूल स्वतः मागू लागते.

लहान मुलांना देशाचा इतिहास आणि संस्कृतीचा वारसा कसा सांगावा, हा प्रश्न आज व्यापारी कुटुंबांतही तीव्रतेने जाणवू लागला आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, सनावळ्या परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि निकालाबरोबर विसरतात. पेढीचा वारसा त्यांच्याकडे विधिवत सोपविला जातो. देशाचा वारसा मात्र कोणी सोपवीत नाही. अशा वेळी मूळ संविधानातील बावीस चित्रे पालकांच्या हाती असलेले एक उत्तम साधन ठरू शकतात.

हाताने लिहिलेला, चित्रांनी सजलेला ग्रंथ

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले आणि २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. ज्या प्रतींवर या स्वाक्षऱ्या झाल्या, त्यांतील इंग्रजी प्रत छापखान्यातील खिळ्यांनी जुळविलेली नव्हती. ती दिल्लीचे सुलेखनकार प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी बोरूच्या वळणाच्या सुंदर अक्षरांत हाताने लिहिली. या कामास सुमारे सहा महिने लागले. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली आणि तिचा हातकागद पुण्यातील हातकागद संशोधन केंद्रात तयार झाला होता. पुढे डेहराडून येथील भारतीय सर्वेक्षण विभागाने मूळ पानांवरून सुमारे एक हजार प्रती छापल्या. मूळ हस्तलिखिते संसदेच्या ग्रंथालयात विशेष वायूने भरलेल्या पेट्यांत जतन केली आहेत.

दिवाळीत नव्या चोपड्याचे पूजन होते, तेव्हा पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि 'श्री' अक्षराची उतरंड मांडतात. हिशेब त्यानंतर सुरू होतो. संविधानाच्या प्रत्येक भागाच्या आरंभी जे चित्र आहे, त्याचे स्थान मुलांना याच उपमेने समजावता येते. कलमांची रुक्ष जमाखर्चासारखी मांडणी सुरू होण्यापूर्वी राष्ट्राने आपल्या स्मृतीला वंदन केले आहे.

हे काम शांतिनिकेतनातील कलाभवनाचे आचार्य नंदलाल बोस यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या शिष्यांनी आणि घरच्या मंडळींनीही काम केले. त्यांचे चिरंजीव विश्वरूप, कन्या गौरी भंज आणि जमुना सेन हे सर्व या कामात होते. राजस्थानातून आलेले आणि पुढे जयपूरच्या निळ्या मृत्पात्रकलेचे पुनरुज्जीवन करणारे कृपालसिंह शेखावत हेही त्यांच्यात होते. उद्देशिकेच्या पानाभोवतीची नाजूक वेलबुट्टी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांची आहे. त्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी देवनागरीत 'राम' अशी छोटी सही केली आहे. ती शोधून काढण्याचा खेळ मुलांना दिला, तर उद्देशिकेच्या पानावर ती जितका वेळ रेंगाळतील तितका वेळ कोणत्याही भाषणाने रेंगाळणार नाहीत.

आधी पाहा, मग काढा

नंदलाल बोस यांचा महाराष्ट्राशी जुना ऋणानुबंध होता. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत राहून त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. मशाली-दिव्यांच्या उजेडात पाहिलेल्या त्या रेषा त्यांच्या हातात कायमच्या उतरल्या. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या इच्छेनुसार तेथील टिळकनगराची सजावट नंदलालबाबूंनी केली. बांबू, गवत, चटया अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी ते नगर उभारले. १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो चित्रफलक रंगविले. त्यांत राजे-महाराजे नव्हते. ढोलकी वाजविणारा, चामडे शिवणारा, सुतारकाम करणारा, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया अशी माणसे होती. येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना सहज दिसतील, अशा ठिकाणी ते फलक लावले होते.

मुलांसाठी चित्रे काढणे या थोर कलावंताला कमीपणाचे वाटले नाही. रवींद्रनाथ ठाकुरांचे 'सहज पाठ' हे बंगाली बालवाचन १९३० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातील चित्रे नंदलालबाबूंची आहेत. बंगालमधील कित्येक पिढ्यांनी त्या चित्रांशेजारी आपली पहिली अक्षरे गिरविली. शांतिनिकेतनात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची 'कालो बाडी' नावाची मातीची, डांबराने काळी केलेली एक इमारत आहे. तिच्या भिंतींवर विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून उठावाची शिल्पे केली आणि त्यांसाठी भरहूतसारख्या प्राचीन शिल्पांचे आदर्श समोर ठेवले. ज्या घरात राहायचे, त्याच्याच भिंतीवर देशाचा वारसा आपल्या हाताने उमटवायचा, ही त्यामागील दृष्टी होती.

त्यांच्या शिकवण्याची रीत एका प्रसंगातून कळते. संविधानासाठी अशोकस्तंभावरील सिंहांचे चित्र दीनानाथ भार्गव या तरुण शिष्याकडे सोपविले गेले. त्याने सिंह नुसत्या छायाचित्रावरून काढू नयेत म्हणून गुरूंनी त्याला कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खऱ्या सिंहांचे निरीक्षण करावयास सांगितले, असे सांगितले जाते. त्यांची आयाळ, मान वळविण्याची ढब, बसण्याची रीत हे सारे पाहून मगच हात कागदाकडे वळवावयाचा. मुलांना इतिहास शिकविताना हीच रीत उपयोगी पडते. आधी डोळ्यांनी भरपूर पाहू द्यावे. माहिती नंतर सांगावी.

पहिले चित्र : एक शिक्का

संविधानाच्या पहिल्या भागाच्या आरंभी मोहेंजोदडो येथील मुद्रेवरचा वशिंड असलेला बैल आहे. मूळ मुद्रा मुलाच्या मुठीत सहज मावतील एवढ्या असतात. त्या शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडात उलट्या कोरलेल्या असत, म्हणजे मातीवर ठसा सुलटा उमटे. सिंधमधील मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ मध्ये सुरू झाले. पुढे गुजरातमधील लोथल येथील कोठाराच्या जागी मातीची अनेक मुद्रांकने सापडली. त्यांच्या मागील बाजूस कापडाचे आणि दोऱ्यांचे ठसे होते. म्हणजे मालाची गाठ बांधली, दोरीवर ओली माती थापली आणि त्यावर मुद्रा दाबली. गाठ कोणाची आहे आणि ती वाटेत उघडली गेली की नाही, हे पाहणाऱ्याला त्यावरून कळे.

दुकानात येणाऱ्या गाठींवरची मोहोर ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगण्यास पाच मिनिटेही पुरेत. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याची आणि आपल्या वडिलांची अडचण एकच होती, हे ध्यानात आल्यावर मोहेंजोदडो हे परीक्षेतील कठीण नाव राहत नाही. साबणाच्या वडीवर मुलाला आपले चिन्ह उलटे कोरू द्यावे आणि शाडूच्या मातीवर त्याचा ठसा घेऊ द्यावा. हे काम त्याला दहा ओळींच्या टिपणाहून अधिक काळ लक्षात राहील.

येथे जैन घरांतील मूल एक प्रश्न हटकून विचारील. बैल हे तर आदिनाथ भगवंतांचे लांछन. मग ही मुद्रा त्यांचीच का? मोह होतो की हो म्हणून मुलाला खूश करावे. परंतु त्या मुद्रांवरील लिपी अद्याप निर्विवादपणे वाचता आलेली नाही. म्हणून प्रामाणिक उत्तर एवढेच, की बैल तेव्हाही लोकांना पूज्य किंवा प्रिय असावा. त्याहून अधिक बोलण्यास पुरावा हवा. सत्यव्रताचा संस्कार प्रवचनातून जसा होतो, तसा अशा छोट्या उत्तरातूनही होतो.

आपले पान

संविधानाचा सहावा भाग राज्यांविषयीचा आहे. त्याच्या आरंभी पद्मासनात ध्यानस्थ बसलेल्या भगवान महावीरांचे चित्र आहे. हे चित्र प्रथम पाहताना प्रत्येक जैन कुटुंबास धन्यता वाटते आणि ती वाटावी. भ्रमणध्वनीवर हे चित्र दरवर्षी जन्मकल्याणकाच्या सुमारास फिरत असते. 'संविधानात आपले महावीर' अशी ओळ त्याखाली असते. तीही चुकीची नाही. मात्र त्या एकाच पानाचे छायाचित्र मुलांसमोर येत राहिले, तर त्यांच्या मनात उरते ते एवढेच की आपले कोणीतरी तेथे आहे. ते तेथे कोणाच्या सान्निध्यात आहेत, हे त्यांना कधी कळत नाही.

म्हणून मुलाला ते पान दाखवावे आणि मग एक पान मागे व एक पान पुढे जाण्यास सांगावे. मागे, पाचव्या भागाच्या आरंभी, भगवान बुद्धांच्या जीवनातील दृश्य आहे. पुढे, सातव्या भागाच्या आरंभी, सम्राट अशोकाने देशात आणि परदेशांत केलेल्या धर्मप्रसाराचे दृश्य आहे. आणखी मागे गेले की कुरुक्षेत्रावर अर्जुनाला उपदेश करणारे श्रीकृष्ण, त्याआधी श्रीरामांच्या लंकाविजयाचे दृश्य आणि त्याच्या अलीकडे वैदिक काळातील आश्रम. पुढे नालंदा विद्यापीठ, ओडिशाचे शिल्प, अकबर बादशहा, छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह एकाच पानावर, टिपू सुलतान आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई एकाच पानावर. त्यानंतर दांडीयात्रा, दंगलग्रस्त नौखालीतील गांधीजी आणि परदेशातून स्वातंत्र्यासाठी झुंजणारे नेताजी सुभाषचंद्र बोस.

एक गंमत मुलांना जरूर सांगावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने सातवा भाग संविधानातून वगळण्यात आला, कारण राज्यांची जुनी वर्गवारी रद्द झाली. कलमे गेली; पण मूळ प्रतीतील अशोकाचे चित्र आजही आपल्या जागी आहे. कायदा काळाबरोबर बदलतो, स्मृती मात्र टिकते, हे यातून मुलाला आपोआप उमगते.

शेजारच्या पानांची हीच शिकवण महाराष्ट्रात दगडावर कोरलेली आहे. वेरूळच्या डोंगरात चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन. बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे आणि हत्तीवर बसलेला यक्ष आहे. अनेक जैन कुटुंबे वेरूळला जातात, कैलास लेणे पाहतात आणि मुले थकली म्हणून पुढच्या टोकाची जैन लेणी सोडून परततात. काही कुटुंबे याच्या उलट, केवळ जैन लेण्यांचे दर्शन घेऊन निघतात. दोन्ही प्रकारांत मुलाचे नुकसान आहे. एकाच डोंगरावर, एकमेकांना लागून, तीन परंपरांच्या शिल्पींनी छिन्नी चालविली, हे पायांनी चालून पाहिल्यावर अनेकान्ताची निराळी व्याख्या सांगावी लागत नाही.

व्यापाराचे पान

व्यापारी कुटुंबातील मुलांना आणखी दोन पाने मुद्दाम दाखवावीत. बारावा भाग वित्ताचा आहे. कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता येणार नाही, हे सांगणारे २६५ वे कलम त्याच भागात आहे. त्याच्या आरंभी नटराजाची मूर्ती आहे. तेराव्या भागाचा विषय व्यापार आणि वाणिज्य हा आहे. देशभरात व्यापार मुक्त असावा, असे सांगणारे ३०१ वे कलम तेथूनच सुरू होते. जळगावची डाळ किंवा सांगलीची हळद देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते, त्यामागे हे कलम उभे आहे.

या तेराव्या भागाच्या आरंभी महाबलीपुरम् येथील शिल्पाचे चित्र आहे : भगीरथाची तपश्चर्या आणि गंगेचे अवतरण. चित्रांची मांडणी ढोबळमानाने कालक्रमाने केलेली आहे. कलमांच्या विषयाशी ती जुळविलेली नाही. तरीही या पानाशी थांबून मुलांशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. महाबलीपुरम् हे पल्लव राजांचे बंदर होते. तेथील सुमारे नव्वद फूट लांबीच्या शिळेवर सातव्या शतकातील शिल्पींनी हत्ती, नाग, देव, तपस्वी यांचा मेळाच कोरला आहे. शिळेच्या मधोमध असलेली नैसर्गिक भेग म्हणजे गंगेचा प्रवाह. आणि त्या गर्दीत एक मांजर आहे. ते मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय वर करून तपश्चर्येचे सोंग आणते आहे आणि उंदीर त्याच्यापाशी निर्धास्त जमले आहेत. तेराशे वर्षांपूर्वीचा हा विनोद आजच्या पाच वर्षांच्या मुलालाही हसवितो. हसता हसता ढोंगी साधू कसा ओळखावा, हेही ते मूल शिकते.

परंपरेतील चित्रशाळा

चित्र दाखवून शिकविण्याची ही रीत जैन समाजाला नवीन नाही. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, तेव्हा सचित्र पोथीची पाने सभेस दाखविण्याची प्रथा श्वेतांबर परंपरेत आहे. भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेची चौदा स्वप्ने सर्वांसमोर आणली जातात. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी अशा क्रमाने ती स्वप्ने लहान मुलेही बोटांवर म्हणून दाखवितात. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने सोळा आहेत आणि तीही चित्रांतूनच पिढ्यान्‌पिढ्या पोहोचली. वाचता न येणाऱ्या मुलाला तीर्थंकरांचा इतिहास याच मार्गाने मिळाला.

या सचित्र पोथ्यांचे आश्रयदाते बहुधा व्यापारीच होते. पाटण, जेसलमेर येथील ज्ञानभांडारांत त्या आजही जतन केलेल्या आहेत. पोथीच्या शेवटी असलेल्या प्रशस्तीत कोणत्या संवतात, कोणत्या नगरात, कोणत्या श्रावकाने ती लिहवून घेतली, हे नोंदलेले असते. पेढीच्या वहीतील नोंदीसारखी ही नोंद आज इतिहासकारांना मोलाची वाटते.

याहून निराळा प्रकार म्हणजे विज्ञप्तिपत्र. आचार्यांनी चातुर्मासासाठी आपल्या गावी यावे, म्हणून श्रीसंघ लांबलचक सचित्र गुंडाळी पाठवीत असे. तीत गावाचे रस्ते, बाजार, दुकाने, मंदिरे यांची चित्रे असत. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठविलेल्या विज्ञप्तिपत्रात शालिवाहन या चित्रकाराने जहांगीर बादशहाचा दरबार रंगविला आहे. पर्युषणातील प्राणिहत्या थांबविणाऱ्या शाही फर्मानाची ती आठवण आहे. त्याआधी १५८३ मध्ये हीरविजयसूरी अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्री येथे गेले होते. संविधानाच्या चौदाव्या भागाच्या आरंभी असलेला अकबर मुलाने पाहिला, की ही हकीकत सांगण्याची संधी मिळते. शेजारच्या पानात आपली गोष्ट आणि आपल्या गोष्टीत शेजारचे पान अशी ही गुंफण आहे.

घरी काय करावे?

या साऱ्यासाठी फार खर्च लागत नाही. मूळ प्रतीची पाने आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. चित्रे बावीस आहेत. आठवड्याला एक घेतले तरी पाच महिने पुरतात. रविवारी सायंकाळी, चौविहाराच्या आधीचे जेवण आटोपल्यावर, अर्धा तास पुरेसा आहे.

प्रथम चित्र मुलासमोर ठेवून पाच मिनिटे मोठ्यांनी गप्प बसावे. ही अट मुलांपेक्षा मोठ्यांनाच कठीण जाते. मग "तुला काय काय दिसते?" एवढेच विचारावे. मूल झाडे मोजील, दागिने मोजील, एखाद्या माणसाच्या पायात वहाणा का नाहीत, असे विचारील. त्यानंतर ते चित्र कोणाचे आणि कोठले, हे चार वाक्यांत सांगावे. पाचवे वाक्य मुलाने मागितले तरच सांगावे. शेवटी मुलाने आपल्या वहीत ते चित्र जसे जमेल तसे काढावे. वर्षातून एकदा त्यांपैकी एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जावे. महाराष्ट्रातील कुटुंबांना अजिंठा, वेरूळ, रायगड, शिवनेरी ही स्थाने दूर नाहीत.

घरात दोन मुले असतील तर त्यांची उत्तरे भिन्न येतील. मुलगी कदाचित विचारील की इतक्या चित्रांत नाव घेऊन दाखविलेल्या स्त्रिया इतक्या थोड्या का? तो प्रश्न टाळू नये. इतिहासात कोणाच्या नोंदी राहिल्या आणि कोणाच्या राहिल्या नाहीत, याचा विचार तेथून सुरू होतो. आजीच्या आजीचे नाव घरात कोणाला आठवते का, हे त्याच वेळी विचारून पाहावे.

काही सावधगिरी

पहिली सावधगिरी गोष्ट आणि इतिहास यांतील भेदाची. मोहेंजोदडोची मुद्रा हातात धरता येते. दांडीयात्रेचे दिनांक नोंदलेले आहेत. नवव्या भागाच्या आरंभी विक्रमादित्याचा दरबार आहे. दिवाळीला नव्या चोपड्यावर ज्याचा संवत लिहिला जातो, तोच हा विक्रमादित्य. त्याच्याभोवती कथांचे मोठे वलय आहे आणि ऐतिहासिक विक्रमादित्य कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मुलाला दोन्ही सांगावे. कथेचा आनंद कमी होत नाही आणि पुरावा मागण्याची सवयही लागते. जे मूल लहानपणी "हे आपल्याला कसे कळले?" असे विचारण्यास शिकते, ते मोठेपणी ऐकीव बातमीवर भाव ठरवीत नाही.

दुसरी सावधगिरी स्पर्धांविषयीची. चित्रस्पर्धा चांगल्या हेतूने भरतात. परंतु अनेकदा चित्र आई काढते, रंग बाबा भरतात आणि नाव मुलाचे लागते. बक्षीस मिळते, पण पाहणे राहून जाते. नातवाने काढलेला वाकडातिकडा बैल घरच्या भिंतीवर वर्षभर राहिला, तर त्याचे मोल कोणत्याही ढालीहून अधिक आहे.

तिसरी गोष्ट मोठ्यांच्या वृत्तीची. चित्रकलेचा तास म्हणजे वाया गेलेला वेळ, असे व्यापारी घरांत आजही पुष्कळांना वाटते. गणित आणि इंग्रजी यांची शिकवणी लावताना चित्राची वही प्रथम बंद होते. ज्यांच्या पूर्वजांनी सोन्याच्या शाईने कल्पसूत्रे लिहवून घेतली, त्यांच्या घरात असे होऊ नये.

शेवटचे पान

संविधानाची अखेरची तीन चित्रे पाहिली की मुले थोडी गोंधळतात. तेथे कोणी राजा किंवा नेता नाही. विसाव्या भागाच्या आरंभी हिमालय आहे, एकविसाव्याच्या आरंभी वाळवंट आणि बाविसाव्याच्या आरंभी समुद्र. सारा इतिहास सांगून झाल्यावर चित्रकारांनी ती भूमी दाखविली, जिच्यावर तो घडला. येथे मुलाच्या हाती कोरा कागद द्यावा आणि तेविसावे चित्र त्याला काढण्यास सांगावे. स्वातंत्र्यानंतरचे काय काढावे, हे ठरविताना त्याला आजोबांना विचारावे लागेल, वडिलांना विचारावे लागेल. घरात त्या दिवशी जो संवाद होईल, तो सव्वीस जानेवारीच्या त्या तुटक संवादाहून नक्कीच लांबेल.

आणि मग सुलेखनकार रायजादा यांची हकीकत सांगावी. संविधान लिहिण्याचे मानधन त्यांनी घेतले नाही. प्रत्येक पानावर आपले नाव आणि अखेरच्या पानावर आपल्या आजोबांचे नाव लिहिण्याची अनुमती मात्र मागितली. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या या नातवाला आजोबा मास्टर रामप्रसाद सक्सेना यांनी जवळ बसवून अक्षर वळणदार काढण्यास शिकविले होते. त्या आजोबांनी नातवाला दिलेला वेळ देशाच्या सर्वोच्च ग्रंथात नोंदला गेला. आपल्या घरांतील आजी-आजोबांकडेही देण्यासारखे तेच आहे : रविवारचा अर्धा तास, एक चित्र आणि नातवाशेजारची जागा.